दोन वॅटचा दिवा

तळोदा हे काही समुद्राकाठचं गाव नव्हे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापीचं खोरं आणि मधल्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, पपई. मोठं पाणी म्हणजे आमच्यासाठी तापीचा पूर. तरीही पुढे शिडाच्या होडीवर रात्री कोणता दिवा लावावा हा प्रश्न समोर आला, तेव्हा त्याचं निम्मं उत्तर मी तळोद्याहूनच घेऊन आलो होतो.

आमच्या ओट्यावर रात्रभर कंदील असे. आठवडे बाजारासाठी अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातली माणसं डोक्यावर डिंक, चारोळी, बांबूच्या टोपल्या घेऊन उतरत. लांबच्या पाड्यांवरची आदल्या रात्रीच गावात पोचत आणि जिथे उजेड दिसेल तिथे टेकत. आजीचा दंडक होता, की घरातले दिवे शांत झाले तरी ओट्यावरचा जळत राहिला पाहिजे. कंदील तयार करणं माझं काम. जुन्या धोतराच्या फडक्यात चिमूटभर राख घेऊन काच आतून फिरवून पुसायची. वातीचं जळकं टोक कात्रीने सरळ कापायचं आणि दोन्ही कोपरे किंचित उतरते ठेवायचे. वात वाकडी कापली गेली की ज्योतीला शिंग फुटतं आणि काच एका अंगाने काजळून जाते. रॉकेल रेशनवर मिळे, त्यामुळे जेवणं झाली की आजी वात खाली करी. तिने वात कितीही बारीक केली, तरी कंदील कधी विझू दिला नाही. त्या उजेडात आमचं कुणाचंच काम होत नव्हतं. तो वाटेवरच्या माणसासाठी होता.

वीज आल्यावर ओट्यावर झिरोचा बल्ब लागला. नावाला झिरो, पण तो बल्ब पंधरा वॅट खायचा. शिक्षक असलेल्या नानांनी मला त्याच बल्बवर विजेचं गणित शिकवलं: पंधरा वॅट, रात्रीचे बारा तास, म्हणजे वर्षाला सुमारे सहासष्ट युनिट. बिल बघून ते मान हलवत, तरी बल्ब काढून टाकावा असं त्यांनी कधी म्हटलं नाही. पुढे भारनियमनाच्या वर्षांत माळ्यावरचा कंदील पुन्हा खाली उतरला. तोवर मी नोकरीसाठी मुंबईत होतो आणि सुट्टीच्या दिवशी कुलाब्याच्या पाण्यातली शिडं बघत उभा राहत होतो.

मे २०१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करून मुंबईत परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. त्या बातमीने माझ्यासारख्या पुष्कळांना पाण्याकडे ओढलं. मी एका स्नेह्यांच्या होडीवर शिकू लागलो. ते वयाने मोठे, म्हणून त्यांना काका म्हणायचो. पावसाळा सरला की आम्ही कोकण किनाऱ्याने खाली जायचो आणि जयगड, विजयदुर्ग, देवगड अशा आडोशाच्या बंदरांत रात्री नांगर टाकायचो. विजेचं काम आपोआपच माझ्याकडे आलं.

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. नांगरलेल्या बोटीने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावावा, असं त्यात आहे. पन्नास मीटरपेक्षा कमी लांबीच्या बोटीला एक दिवा चालतो, पण तो दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटरवरून दिसला पाहिजे. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. आपण निजलेलो असताना दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी दिवा जागता ठेवायचा, हे तर आमच्या ओट्यावर रोजच चालत होतं.

अडचण विजेची होती. शिडावर चालणाऱ्या होडीत इंजिन क्वचित सुरू होतं, त्यामुळे बॅटरीतली वीज जपून वापरावी लागते. डोलकाठीच्या टोकावरचा दहा वॅटचा तारेचा बल्ब बारा तासांत बारा व्होल्टच्या बॅटरीतून दहा अँपिअर-तास घेतो. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणजे शंभराच्या बॅटरीतून वापरायला मिळतात पन्नासच. त्यातले दहा एकट्या दिव्याने खाल्ल्यावर उरलेल्यात वायरलेस, पंप आणि सकाळी इंजिन सुरू करायची तजवीज. म्हणून पुष्कळ होड्यांवर मध्यरात्रीनंतर दिवा बंद करायचा मोह होतो. त्याहून वाईट गोष्ट अशी, की व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर तारेच्या बल्बचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे पहाटे, नेमक्या मच्छीमार होड्या बाहेर पडतात त्या वेळी, हा दिवा सर्वांत मंद असतो.

एलईडीने हे गणित पालटलं. तोच पल्ला साधारण दोन वॅटमध्ये मिळू लागला, रात्रीचे दोनच अँपिअर-तास. एक लहानसं सौर पॅनल ते दिवसात भरून काढतं. या दिव्यामागे जपानमध्ये झालेलं मोठं काम आहे. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण निळा येईपर्यंत पांढरा उजेड मिळत नव्हता. निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा थर बसवला की आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं. तो निळा एलईडी घडवणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी आपल्याकडे ‘उजाला’ योजना आली. सरकारी खरेदीत एलईडी बल्बचा भाव ३१० रुपयांवरून ३८ पर्यंत उतरला आणि तळोद्याच्या ओट्यावरही नवा बल्ब लागला.

घरचा बल्ब आणि होडीचा दिवा यांत मात्र फरक आहे. बाजारात बारा व्होल्टचे स्वस्त एलईडी ढिगाने मिळतात. काकांना मी सांगितलं, की वॅट शेवटी बघू. दिवा चारही दिशांना सारखा दिसतो का, हे आधी. होडी लाटेवर डोलते तेव्हा उजेडाचा पट्टा अरुंद असेल तर तो एकदा पाण्यावर पडतो, एकदा आभाळात, आणि समोरच्याला दिवा लुकलुकल्यासारखा वाटतो. मग व्होल्टेज. चार्जिंगच्या वेळी बॅटरी चौदा व्होल्टच्या वर जाते आणि पहाटे बाराच्या आसपास येते. या चढउतारात प्रवाह स्थिर ठेवणारं सर्किट दिव्यात नसेल, तर तो लवकर जळतो.

तिसरी गोष्ट कानाने तपासायची असते. हलक्या सर्किटचे एलईडी रेडिओत खरखर पेरतात, आणि डोलकाठीच्या टोकावर वायरलेसची व्हीएचएफ अँटेना नेमकी त्यांच्या शेजारी असते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासायची रीत सोपी आहे. शांत चॅनेल लावायचा, खरखर जेमतेम थांबेल इतकंच स्क्वेल्चचं, म्हणजे खरखर दाबणारं, बटण फिरवायचं आणि दिवा चालू करायचा. खरखर पुन्हा आली की तो दिवा नापास. काका केबिनमध्ये रेडिओला कान लावून बसले आणि मी खटका दाबत राहिलो. हाती आलेल्या दिव्यांतला सर्वांत झगझगीत दिवा याच परीक्षेत गळाला. जो उरला त्याचा उजेड सौम्य होता, पण वायरलेस त्याने गप्प राहिला.

जागेचा प्रश्नही होता. टोकावरचा दिवा मोठ्या जहाजाला दुरून दिसतो. लहान होडीतल्या मच्छीमाराची नजर मात्र पाण्याच्या पातळीवर असते. आमच्या माथ्यावरचा दिवा त्याला डोक्यावरच्या ताऱ्यांत किंवा बंदराच्या उजेडात हरवलेला वाटणार. म्हणून पुढच्या बाजूला, पुरुषभर उंचीवर आम्ही तसलाच दुसरा दिवा टांगला. दोन्ही मिळून चार वॅट. पहाटे शेजारून गेलेल्या एका होडीतून हाक आली, “दिवा बरा दिसतो, असाच ठेवा!” काकांनी त्या माणसाला हात जोडले.

याच किनाऱ्यावर एलईडीचं दुसरं रूपही मी पाहिलं आहे. मोठ्या बोटी जनरेटरवर प्रखर दिव्यांचा झोत पाण्यात सोडतात, उजेडाला भुलून मासळीचे थवेच्या थवे वर येतात आणि जाळ्यात लहानमोठं सगळं उपसलं जातं. मालवण-देवगडच्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने अशा मासेमारीवर बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. कमी विजेत जास्त उजेड मिळाला म्हणून माणसाने समुद्रच ओरबाडावा, याची मला मनापासून चीड येते. वाचलेली वीज पुन्हा हावेवर उधळायची असेल, तर ती वाचवली कशाला?

आता मी वर्षातला बराच काळ तळोद्यात असतो आणि आमच्या जिल्ह्यातलं मोठं पाणी मला नव्याने दिसतं आहे. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्याने अक्राणी-अक्कलकुव्याची तेहतीस गावं बाधित झाली. मणिबेलीपासून वरच्या खोऱ्यात घरं-शेतं बुडाली, कित्येक कुटुंबं तळोद्याजवळ सोमावल, रेवानगर, रोझवा इथल्या वसाहतींत आली. डोंगरात राहिलेल्यांची पायवाट पाण्याखाली गेली आणि होडी हीच त्यांची एसटी झाली. बिलगावच्या लोकांनी २००३ मध्ये उदई नदीच्या धबधब्यावर पंधरा किलोवॅटचं वीजघर उभं केलं होतं. २००६ मध्ये तेही पाण्यात गेलं. कोविडच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यांवरच्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोषण आहार पोचवत होत्या. या पाण्यावर दवाखानासुद्धा तरंगतो.

इथल्या एखाद्या घाटावर दिवस मावळताना उभं राहावं. होड्या काठाला लागत असतात, काही मध्येच थांबलेल्या असतात आणि अंधार पडला की पाण्यावर काय आहे ते कळेनासं होतं. डोंगरामुळे चांदणंही उशिरा पोचतं. हातातली विजेरी किंवा मोबाईलचा उजेड आपल्यापुरता पडतो, समोरून येणाऱ्या होडीला त्याचा भरवसा नाही. इथे चहूबाजूंनी दिसणारा दोन वॅटचा दिवा, एक छोटी बॅटरी आणि लहानसं सौर पॅनल एवढं पुरेसं आहे. शहरातल्या हौशी होडीवर जे मी निवडून निवडून लावलं, त्याची खरी निकड या पाण्यावर आहे. जीवरक्षक जाकिटांची जशी तपासणी होते तशी इथल्या प्रत्येक प्रवासी होडीच्या दिव्याचीही व्हावी, असं मला ठामपणे वाटतं.

काटकसरीबद्दलचं माझं मत या सगळ्या दिव्यांनी घडवलं. आजीने वात खाली केली ती रॉकेल उरवण्यासाठी नव्हे, तर उरलेलं रॉकेल पहाटेपर्यंत पुरावं म्हणून. परवडत नाही म्हणून जो दिवा मध्यरात्री बंद होतो, तो संध्याकाळी कितीही लखलखला तरी उपयोगाचा नाही. दुसऱ्याची काळजी घेणं रोज परवडलं पाहिजे, तरच ती रोज घेतली जाते. एलईडीने ती परवडणारी केली, हे मी त्याचं सर्वांत मोठं श्रेय मानतो. यापुढे कुणी मला होडीसाठी दिवा निवडून मागितला, तर मी त्याला आधी एकच विचारीन: तुमच्या बाजूने रात्री कोण जातं, आणि त्याचे डोळे पाण्यापासून किती उंचीवर असतात? त्याचं उत्तर मिळालं की वॅटचा हिशेब मांडायला बसता येईल.