नकाशावरचा गोळा

माणसाला कशाचा नाद लागेल ते सांगता येत नाही. आमच्या वर्गात कुणाला क्रिकेटचा आहे, कुणाला कवितांचा. एक मैत्रीण तर लग्नपत्रिका जमवते! मला नाद आहे तो अजून न जन्मलेली वादळे पाहत बसण्याचा. भूगोल माझा विषय, त्यामुळे कॉलेजात हे खपून जाते. घरी मात्र आई म्हणते, "पोरगी रात्री दहाला मोबाइल घेऊन बसते आणि सांगते समुद्र बघते. कोण विश्वास ठेवेल?"

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील हर्णै बंदरात दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल आहेत. 3 जून 2020 ला 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने जमिनीवर चढले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. नारळी-पोफळी आडव्या झालेल्या आणि कित्येक दिवस विजेचा पत्ता नाही, एवढे मला पक्के आठवते. पण बंदरावरची जुनी माणसे निसर्गचे नाव नंतर घेतात. आधी घेतात 2009 च्या नोव्हेंबरातल्या 'फयान'चे. निसर्ग आले तेव्हा मासेमारीबंदी सुरू झाली होती, होड्या किनाऱ्याला होत्या. फयानच्या वेळी त्या समुद्रात होत्या. एकाने वाड्या नेल्या, दुसऱ्याने माणसे.

वादळ उभे राहायला समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार लागते. मे महिन्यात आपला अरबी समुद्र त्याच्या बराच वर असतो. पण नुसती ऊब पुरत नाही. खालचे वारे एका दिशेने आणि वरचे भलत्याच दिशेने जोरात वाहू लागले, तर वादळाची उतरंड उभी राहण्याआधीच कलंडते. ऐन पावसाळ्यात तसेच घडते, म्हणून आपली वादळे पावसाळ्याच्या दोन उंबरठ्यांवर येतात: मे-जूनला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला.

हे सारे गणित संगणक करतो. तो हवेचे चौकोन पाडतो आणि एका चौकोनातून दुसऱ्यात काय जाईल ते मोजत पुढे सरकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेले आणि मे 2025 मध्ये देशाला मिळालेले नवे भारतीय मॉडेल सहा किलोमीटरचा चौकोन पाडते. अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने मांडले जाते आणि सोळा दिवस पुढचे दाखवते. गंमत इथेच आहे. सकाळच्या मांडणीत दहा दिवसांनंतर रत्नागिरीसमोर लालजांभळा गोळा दिसतो, छातीत धस्स होते. दुपारच्या मांडणीत तो ओमानकडे निघालेला असतो आणि रात्री कुठेच नसतो! एडवर्ड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने 1961 मध्येच पाहिले होते, की सुरुवातीच्या आकड्यातले शेवटचे तीन अंक गाळले तरी पुढचे सगळे हवामान बदलून जाते. म्हणून युरोपचे केंद्र एकच गणित करून थांबत नाही. सुरुवात किंचित बदलत एक्कावन्न वेळा करते. नकाशावर एक्कावन्न रेषा उमटतात. त्या एकमेकींना चिकटून चालल्या तर अंदाजावर भरवसा ठेवावा, पंख्यासारख्या पसरल्या तर थांबावे.

मी ते वडिलांना दाखवले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण रंग आणि रेषा लगेच समजल्या. म्हणाले, "एक्कावन्न तांडेलांना विचारलंस तर असंच व्हायचं गो."

मे 2025 मध्ये काय झाले ते वाचकांना आठवत असेल. कुणीतरी दहा दिवस पुढचा एकच गोळा उचलला, मोबाइलवर फिरवला, आणि 'शक्ती' नावाचे चक्रीवादळ येणार अशा बातम्या झळकू लागल्या. वारा ताशी 62 किलोमीटरला पोहोचल्याशिवाय नाव मिळतच नाही; इथे तर बारसे जन्माच्या आधीच! प्रत्यक्षात 24 मे रोजी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडला तो कमी दाबाच्या पट्ट्याने, म्हणजे वादळाच्या खालच्या पायरीने. पाऊस धो धो आला, पण नाव शिल्लकच राहिले. ते ऑक्टोबरात वापरले गेले.

दसरा 2 तारखेला होता. त्यानंतर बोट आठ दिवसांसाठी निघणार होती. बर्फ भरून झाला होता, डिझेलही. तेवढ्यात सौराष्ट्राकडून समुद्रात उतरलेला गोळा जोर धरू लागला आणि 3 ऑक्टोबरला खरोखरीच 'शक्ती' झाला. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याची सूचना आली. पण वादळ चालले होते पश्चिमेला, आमच्यापासून दूर. मालक म्हणत होते, दक्षिणेला जाऊन येऊ, काय होते? खलाशांनाही जायचे होते, कारण फेरी नाही तर वाटणी नाही.

वडिलांनी मला "काय होणार?" असे विचारले नाही. विचारले, "कधी कळंल?"

मला फार बरे वाटले. परीक्षेतसुद्धा इतका नेमका प्रश्न कुणी घालत नाही. मी म्हटले, संध्याकाळची मांडणी रात्री दहापर्यंत येईल. दहाला पाहिले, मग जागून युरोपचीही पाहिली. बहुतेक रेषा ओमानच्या दिशेने, पण पुढे जाऊन त्या मागे, पूर्वेकडे वळत होत्या. वळल्यावर जोर किती उरेल याबद्दल एकमत नव्हते. मी तेवढेच सांगितले. वडील सकाळी मालकांकडे गेले आणि बोट हलली नाही.

वादळ वळले, आणि समुद्रातच विरले. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसांत ऊन होते. बर्फ वितळला. एक खलाशी मला रस्त्यात म्हणाला, "तुझ्या नकाशानं आमचे चार दिवस खाल्ले." त्याच्या घरी तीन मुले आहेत, त्यामुळे मला राग आला नाही; पण उत्तरही सुचले नाही. न गेलेल्या बोटीचे काय झाले असते, ते कोणतेही मॉडेल दाखवत नाही. बुडालेला बर्फाचा खर्च मात्र वहीत लिहिलेला असतो.

वडील यावर काही बोलले नाहीत. फक्त आता ते बर्फ भरल्यावर विचारत नाहीत, भरण्याच्या आदल्या रात्रीच हाक मारतात, "बघ गो, गोळा कुठं हाय?"