दोष कोणाचा ?

गेल्या दिवाळीच्या सुट्टींतील ही गोष्ट. आमच्या आजोबांच्या संग्रहीं पन्नास-साठ तबकड्या आहेत. त्यांतील नाट्यगीतांची एक तबकडी त्यांच्या विशेष जिव्हाळ्याची. कारण ती आजीनें स्वतः निवडून घेतलेली होती. आजीला देवाज्ञा झाल्यापासून दर रविवारीं सायंकाळीं ती लावावयाची, असा त्यांचा परिपाठ आहे. एरव्हीं त्या वेळीं मी मैदानावर असतों. त्या दिवशीं अवेळीं पाऊस आल्यामुळें घरीं होतों.

सुई तबकडीवर टेकली मात्र, आणि 'घूंऽऽ' असा जाड, एकसुरी आवाज खोलींत भरून राहिला. गायकाचा स्वर, पावसाच्या सरींआड डोंगर दिसावा तसा, अंधुक ऐकूं येत होता. शिवाय 'टक्, टक्' असे ठोकेहि पडत होते. आजोबांचा चेहरा उतरला. मीं मात्र क्षणाचाहि विलंब न लावतां धाकट्या भावाकडे बोट दाखविलें. आदल्या दिवशीं तबकड्यांच्या कपाटाजवळ तो चेंडू खेळत होता. "यानेंच तबकडी खराब केली!" असें मीं ठांसून सांगितलें. तो बिचारा रडकुंडीस आला. पण त्याचें ऐकतो कोण?

आजोबा शांतपणें म्हणाले, "अरे, तपासाआधींच निकाल कसा देतोस? सुई उचल पाहूं." मीं सुई उचलली. गाणें थांबलें, परंतु तो आवाज तसाच चालू राहिला! "आतां सांग, सुई तबकडीला लागलेलीच नाहीं, मग हा आवाज तबकडींतून कसा येईल?" मी निरुत्तर झालों.

मग त्यांनीं समजावून सांगितलें. सुईच्या कंपनांपासून मिळणारा विद्युद्दाब अगदीं क्षीण, म्हणजे सुमारें ५ मिलिव्होल्ट असतो. ॲम्प्लिफायर तो शेंकडों पटींनीं वाढवितो. आणि त्याबरोबर वाट चुकून शिरलेला आवाजहि वाढतो. घरांतील वीज सेकंदाला ५० वेळां हेलकावे घेते, त्यांचीच ती गुणगुण. तिला अडविण्यासाठीं टर्नटेबलापासून ॲम्प्लिफायरपर्यंत अर्थिंगची एक बारीक तार जोडलेली असते. यंत्र पुढें ओढून पाहिलें, तों ती तार सुटून लोंबकळत होती! आजोबांनीं वीज बंद करून तार स्क्रूखालीं घट्ट बसविली. पुन्हां वीज सुरू केली, तेव्हां खोली निःशब्द होती.

माझ्या पोटांत मात्र गोळा आला. दिवाळीची झाडलोट करितांना तें यंत्र ओढून मागची धूळ मींच पुसली होती.

राहतां राहिले ते ठोके. घड्याळ लावून पाहिलें, तों दहा ठोक्यांस १८ सेकंद लागले. ही तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद. अर्थात् प्रत्येक फेऱ्यांत सुई एकाच ओरखड्यावरून जात होती. धुळीची चटचट अशी मोजूनमापून होत नाहीं, व मऊ ब्रशानें ती जातेहि. ओरखडा मात्र पुसला जात नाहीं. भाऊ पुन्हां घाबरला. तेव्हां आजोबा हंसून म्हणाले, "भिऊं नकोस. तो ओरखडा माझा आहे. १९७८ सालीं घाईनें सुई टेकवितांना माझाच हात घसरला. तुझी आजी रागावली नाहीं. 'राहूं द्या,' एवढेंच म्हणाली."

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण मीं निबंधांत कितीदां तरी लिहिली असेल. तिचा अर्थ मला त्या दिवशीं कळला. त्या रात्रीं मीं भावाची क्षमा मागितली. तार बसविण्यापेक्षां तें पुष्कळ कठीण गेलें.

वाचकमित्रहो, आतां दर रविवारीं सुई टेकविण्याचें काम माझ्या भावाकडे आहे, आणि तार तपासण्याचें माझ्याकडे.