फॉरमॅटच्या आधी

चि. सौ. ताईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

विशेष. संगणकावरील खाते बिघडणे आणि संगणकातील मजकूर नष्ट होणे या दोन वेगवेगळ्या घटना असून पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. काल फोनवर ताईने जे सांगितले, ‘डेस्कटॉप कोरा झाला, बाबांची सगळी नाटकं गेली, आता फॉरमॅट मारून टाकते’, त्यातील पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी बहुधा खरी नाही, आणि तिसरीने मामाची झोप उडविली आहे. नाटकांच्या तारखा तोंडावर आलेल्या, दुरुस्ती करणारा मुलगा संगणक न्यायला तयार, अशा स्थितीत हा निर्णय एका संध्याकाळीच उरकला जाण्याची भीती आहे. टपालाची वाट पाहण्याइतका वेळ हाती नसल्याने या पत्राचे फोटो आजच फोनवर पाठविले जात आहेत. ते शेवटपर्यंत वाचावे आणि मगच संगणकाला हात लावावा.

विंडोज या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याचे खाते मुख्यतः दोन गोष्टींवर उभे असते. पहिली म्हणजे सी ड्राइव्हमधील ‘यूजर्स’ या फोल्डरात त्याच्या नावाचा फोल्डर, ज्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे उपफोल्डर प्रत्यक्षात राहतात. दुसरी म्हणजे त्याच फोल्डरात लपवून ठेवलेली ‘एनटीयूजर डॉट डॅट’ ही फाइल, जिच्यात पडद्याचे चित्र, कळफलकाची भाषा, प्रिंटर आणि प्रत्येक प्रोग्रॅमची मांडणी अशा त्या वापरकर्त्याच्या पसंती नोंदलेल्या असतात. ही फाइल रजिस्ट्रीचा, म्हणजे प्रणालीच्या मध्यवर्ती नोंदवहीचा, एक भाग असून साइन इन करताना ती उघडली जाते आणि काम चालू असेपर्यंत तिच्यात नोंदी होत राहतात. नेमकी नोंद होत असताना वीज गेली, डिस्कच्या त्या भागात दोष निर्माण झाला, किंवा अँटीव्हायरसने ती फाइल अडवून धरली, तर पुढच्या वेळी प्रणालीला ती वाचता येत नाही. अशा वेळी प्रणाली वापरकर्त्याला बाहेर न ठेवता एक तात्पुरते प्रोफाइल उभारून त्यात घेते. डेस्कटॉप कोरा होतो, नेहमीच्या फायली दिसेनाशा होतात आणि कोपऱ्यात तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन झाल्याची सूचना येते. ताईच्या पडद्यावर दिसले ते हेच. पडदा फाटला म्हणून संहिता जाळण्याची रीत कोणत्याही नाटक मंडळीत नाही, आणि अशा प्रसंगी फॉरमॅट करणे याचा अर्थ तोच होतो.

आता सर्वांत निकडीची बाब. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये जतन केलेली प्रत्येक गोष्ट साइन आउट करताच पुसली जाते, कारण प्रणाली तो फोल्डरच काढून टाकते. ताईने काल रात्री त्याच कोऱ्या डेस्कटॉपवर दुसऱ्या अंकाचे दोन प्रवेश टंकून ठेवल्याचे बोलण्याच्या ओघात सांगितले, तेव्हा तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि विषय राहून गेला. संगणक अजून बंद केलेला नसेल, तर ती फाइल आधी पेन ड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. तेथे ती उघडून पाहावी, आणि त्यानंतरच संगणक पुन्हा सुरू करावा. पुन्हा सुरू केल्यावर काही वेळा जुने खाते आपोआप परत येते, विशेषतः अँटीव्हायरसमुळे अडथळा आला असेल तेव्हा. मात्र हे साधे पुनःसुरू करणेसुद्धा स्टार्टमधूनच व्हावे. भिंतीवरच्या बोर्डाचे बटण दाबून संगणक बंद करण्याची सवय त्या घरात फार जुनी आहे, त्यावर पूर्वीही बोलून झाले आहे, आणि पुन्हा बोलावे लागते याचे वाईट वाटते.

‘फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो, डी सुरक्षित राहतो’ असे दुरुस्ती करणारे लोक दिलासा देताना सांगतात. ते खोटे नाही, परंतु ताईच्या बाबतीत ते निरुपयोगी आहे, कारण डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल सी ड्राइव्हमध्येच असते आणि भाऊजींची, म्हणजे ताईच्या बाबांची, नाटके डेस्कटॉपवरच होती. फॉरमॅट करून वर नवे विंडोज बसविले की जुन्या जागेवर नवा मजकूर लिहिला जातो. त्यातही डिस्क एसएसडी प्रकारची असेल, तर मोकळ्या झालेल्या जागा आतून साफ करून ठेवणारी ‘ट्रिम’ नावाची सोय तिच्यात कार्यरत असते, आणि त्यानंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने फायली परत मिळविणे जवळजवळ अशक्य होते.

योग्य क्रम असा आहे. प्रथम ‘यूजर्स’ फोल्डर उघडून त्यात जुन्या नावाचा फोल्डर आहे की नाही आणि त्याचा आकार किती आहे, हे पाहावे. उघडताना परवानगी नसल्याचा संदेश आल्यास ‘कंटिन्यू’ दाबावे. प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्यातून बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. फोल्डर दिसला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स संपूर्ण बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत, आणि उतरविलेल्यांपैकी काही फायली तेथूनच उघडून पाहाव्यात. डिस्क तपासणारी ‘चेकडिस्क’ ही आज्ञा त्यानंतर चालवावी, आधी नव्हे, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तपासणीचा ताण आला तर उरलेसुरले वाचनही बंद पडू शकते.

प्रत हाती आल्यावरच दुरुस्तीकडे वळावे. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘प्रोफाइललिस्ट’ नावाची एक जागा असते, जिथे प्रत्येक खात्याची नोंद एका लांबलचक क्रमांकाने केलेली असते. तात्पुरते प्रोफाइल तयार होते तेव्हा तेथे बहुधा एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी दिसतात. एकीच्या शेवटी ‘डॉट बॅक’ असे शेपूट असते, ती खऱ्या खात्याची, आणि शेपूट नसलेली तात्पुरत्या खात्याची. खात्री करण्यासाठी त्यातील ‘प्रोफाइल इमेज पाथ’ वाचावा, म्हणजे कोणती नोंद कोणत्या फोल्डरकडे बोट दाखविते ते कळते. शेपूट नसलेल्या नोंदीचे नाव बदलून ठेवायचे, खऱ्या नोंदीचे शेपूट काढायचे, तिच्यातील ‘स्टेट’ आणि ‘रेफकाउंट’ ही मूल्ये असल्यास शून्य करायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. हे करण्यापूर्वी रजिस्ट्रीची प्रत ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावी, आणि हे काम ताईने एकटीने रात्री बसून करू नये. फोन चालू ठेवून, दिवसाउजेडी, एकेक पायरी वाचून दाखवीत करावे.

नोंद दुरुस्त करूनही तात्पुरतेच प्रोफाइल येत राहिले, तर मूळ फाइलच खराब झाली असे समजावे आणि नवे खाते उघडावे. जुन्या फोल्डरातील मजकूर नव्यात आणताना ‘एनटीयूजर’ या नावाने सुरू होणाऱ्या फायली मात्र आणू नयेत, कारण त्यांच्याबरोबर बिघाडही येतो; आणि ही नक्कल जुन्या किंवा नव्या खात्यातून न करता तिसऱ्या, प्रशासकाच्या खात्यातून करावी, म्हणजे कोणतीही फाइल वापरात असल्यामुळे अडत नाही. सेटिंग्जमधून जुने खाते काढण्याची घाई करू नये, कारण तेथील बटण खात्याबरोबर त्याचा सारा डेटाही काढून टाकते.

नव्या खात्यात एक धक्का बसण्याचा संभव आहे, त्याची कल्पना आधीच दिलेली बरी. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांत साठविलेला असतो आणि फॉन्ट त्याला केवळ देवनागरीचे रूप देतो. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरच्या आवृत्तीपासून फॉन्टवर उजवी टिचकी देऊन नुसते ‘इन्स्टॉल’ दाबले, तर तो फॉन्ट त्या एका खात्यापुरताच बसतो. त्यामुळे नव्या खात्यात जुनी फाइल उघडली की ‘नाटक’ या शब्दाच्या जागी यू, के, मोठा व्ही आणि डी अशी चार रोमन अक्षरे दिसतील, आणि अख्खी संहिता विद्रूप झाल्यासारखी वाटेल. ती विद्रूप झालेली नसते. फॉन्ट ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडून पुन्हा बसविला की अक्षरे जागेवर येतात. या गोष्टीची माहिती नसल्याने शाबूत फायली खराब समजून काढून टाकल्या जातात, आणि ताईकडून असे काही होऊ नये एवढ्यासाठीच हा परिच्छेद लांबला आहे.

खात्याच्या दुरुस्तीचा प्रश्न इथे संपतो, परंतु काळजी संपत नाही, कारण मूळ दुखणे खात्यात नाही. ते एकुलत्या एका प्रतीत आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांपासून होळीच्या आसपासपर्यंत गावोगावी रात्र रात्र जागते, आणि तिच्या कंपन्यांची कार्यालये, तारखांचे सौदे आणि कलावंतांची ये-जा यांचे केंद्र वडसा आहे. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीतील अभिनेत्याचा सन्मान दिल्लीपर्यंत पोहोचला. परंतु हे अभिनेते जे बोलतात ते लिहिणाऱ्यांचे शब्द कोठे ठेवले जातात, याचा विचार फारसा होत नाही. १८८२ साली रंगमंचावर आलेले अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ आज कोणालाही वाचता येते, ते छापले गेले आणि अनेक ग्रंथालयांत राहिले म्हणून. झाडीपट्टीच्या कितीतरी संहिता मात्र प्रॉम्प्टरच्या हातातील वहीत आणि एखाद्या घरातील संगणकाच्या डेस्कटॉपवर जगतात. हंगामात त्यांत बदल होतात, नवे प्रवेश जोडले जातात, गाणी बदलतात, आणि हे सारे बदल त्या एका प्रतीतच असतात. ती गेली की लेखकाची अनेक वर्षे जातात, आणि त्या बोलीत, त्या गावांसाठी लिहिलेला मजकूरही कायमचा जातो.

वास्तविक हे ताईला सांगण्याची गरज पडू नये. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली तेव्हा भाऊजींच्या लोखंडी पेटीचे काय झाले, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतर वर्षभर बसून भाऊजींनी आठवणीतून सांगितलेले आणि ताईने टंकलेले तेवढेच आज उरले आहे. भाऊजींची दृष्टी आता साथ देत नाही. ते पुन्हा सांगतील आणि पुन्हा लिहिले जाईल, या भरवशावर कोणी राहू नये. एवढे कष्ट घेणाऱ्या मुलीने त्या कष्टांचे फळ डेस्कटॉपवर उघडे ठेवावे, त्याच खात्यात मुलांनी खेळ खेळावेत, आणि बिघाड होताच ‘सगळं गेलं’ म्हणून स्वतःच उरलेलेही पुसायला निघावे, हे मामाला सहन होत नाही. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम जगभर पाळला जातो: प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना यातील शेवटची अट वेगळी पटवून द्यावी लागू नये. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवरील साठवणीत किंवा थेट मामाकडे, अशी व्यवस्था या हंगामातच लागावी. जमेल तसतसे कृतिदेवमधील मजकुराचे यूनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर देवनागरी देवनागरीच राहील अशा सार्वत्रिक संकेतप्रणालीत, रूपांतर करून घ्यावे आणि प्रत्येक नाटकाची एक छापील प्रत काढावी. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, म्हणून रूपांतर केलेली नाटके भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवावीत. त्यांनाही बरे वाटेल.

घरात प्रशासकाचे एक राखीव खाते पासवर्डसह उघडून ठेवावे आणि रोज वापरू नये, म्हणजे पुन्हा असे घडले तर आत शिरायला एक दार उरते. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असल्यास तो ‘यूपीएस’वर आहे ना, हे पाहावे, एरवी लाईट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होण्याच्या त्या क्षणभराच्या अंतरातही संगणक बंद पडतो आणि ताईला वाटते की इन्व्हर्टर असल्याने सारे ठीक आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने आज ना उद्या नवी आवृत्ती घालावी लागेल, पण नाटके सुरक्षित ठिकाणी पोहोचेपर्यंत तो विषय काढू नये.

फोनवर डिस्कमधून ‘टकटक’ आवाज येतो असेही ताई म्हणाली, आणि या पत्रातील सर्वांत मोठी चिंता तीच आहे. जुन्या फिरत्या डिस्कचा असा आवाज हे ती निकामी होत असल्याचे लक्षण असते, आणि मग वर सांगितलेला सारा क्रम हातात वेळ असेल तरच उपयोगाचा. आवाज खरोखर डिस्कचाच असेल, तर कालचे दोन प्रवेश आणि भाऊजींचा फोल्डर उतरवून होताच संगणक बंद करावा, तो तसाच बंद ठेवावा आणि कोणालाही उघडू देऊ नये; येत्या रविवारच्या गाडीने मामा स्वतः वडशाला येईल. आवाज नुसत्या पंख्याचा असेल, तर तसे कळवावे. कोणत्याही स्थितीत जुना फोल्डर दिसला का आणि त्याचा आकार किती, एवढे दोन शब्द आज रात्रीच कळवावेत, आणि तोवर त्या मुलाला संगणक उचलून नेऊ देऊ नये. जागरणे फार होत आहेत असे ताईच्या आवाजावरून वाटले. तारखा पुढे-मागे होतात, पण तब्येतीला जपावे. भाऊजींस व ताईसाहेबांस सा. नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

उत्तराची वाट पाहणारा,
मामा