केबल गुंडाळण्याचे शिक्षण

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सदरमधील माझ्या घरी आली. वसतिगृहात असताना इतिहासात ती सदैव पहिली असे. पदवीनंतर तिने एम.ए. करावे, प्राध्यापक व्हावे, असे मी मनोमन ठरवून टाकले होते. ती म्हणाली, "सर, टीव्ही स्टुडिओच्या कामाच्या वर्गाला नाव घातले आहे."

"तिथे काय करणार?"

"सुरुवातीला केबल आणि लाइट सांभाळायचे, सर."

मी नाराज झालो. "बाबासाहेबांनी शिका म्हटले, ते वायरी ओढण्यासाठी नव्हे," असेही बोलून गेलो. ती मान खाली घालून, जय भीम करून निघून गेली.

पुढे तिच्याच आग्रहामुळे मी तो वर्ग पाहिला. पहिला धडा खरोखरच केबल गुंडाळण्याचा होता. एक वेढा सरळ, दुसरा उलटा. तसे न केल्यास पीळ बसून आतली तार तुटते आणि ऐन कार्यक्रमात आवाज जातो. मग पांढऱ्या कागदावर कॅमेऱ्याचे रंग जुळवणे, पदराची सळसळ येऊ नये असा माइक लावणे, नियंत्रण कक्षातील सूचना हेडफोनवर ऐकून निवेदकाला निःशब्दपणे बोटांनी पाच, चार, तीन मोजून दाखवणे. प्रकाशयोजना समजावताना ती म्हणाली, "सर, शेजारी गोरा पाहुणा बसला की सावळा चेहरा काळोखात जातो. तो नीट दिसावा, असा प्रकाश आपणच लावायचा असतो." त्या वाक्यापुढे माझी एम.ए. पदवी गप्प झाली.

इतिहासाच्या अध्यापकाला हे आधीच कळायला हवे होते. 7 डिसेंबर 1956 रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले, म्हणून तो जनसागर आज आपण पाहू शकतो. 1920 साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा आपला आवाज छापखान्यातून उमटला. आज तो स्टुडिओतूनही उमटतो. यंत्र चालवणारे हात आपले नसतील, तर आपली साधने दुसऱ्यांच्या मर्जीवर राहतील.

वाटा आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये 1974 पासून दूरचित्रवाणीचे शिक्षण मिळते. नागपुरात सेमिनरी हिल्सवर दूरदर्शन केंद्र आहे. लॉर्ड बुद्धा आणि आवाज इंडिया या वाहिन्याही याच शहरातल्या. मात्र शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एवढे अवश्य विचारावे: विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा किती तास येतो, आणि येथून बाहेर पडलेली मुले आज कुठे काम करतात?

त्या विद्यार्थिनीची मी क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, "सर, आता शाळेतल्या मुलांना शिकवू या." तिची योजना साधी आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या मुलांनी त्यांच्या आठवणी चित्रित कराव्यात आणि त्यातूनच काम शिकावे. या क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीआधी दोन दिवस द्यावेत. पालकांनो, घरातील आजी-आजोबांची नावे शाळेला कळवा. उशीर करू नका. जय भीम!