वाळूतले घर

प्राणिमात्रांविषयीचे मनुष्याचे प्रेम बहुधा त्यांच्या रूपावर अवलंबून असते. हरिणाचे पाडस पाहून ज्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, तेच लोक मगरीच्या पिल्लाचे नाव काढताच नाक मुरडतात. जे सरपटते ते वाईट, असा आपला लहानपणापासूनचा समज. त्यामुळे या वर्गातील एखादी जात पृथ्वीवरून नाहीशी होऊ लागली, तरी तिच्यासाठी हळहळणारे फारसे कोणी भेटत नाही. आज आम्ही आमच्या वाचक कुटुंबांपुढे अशाच एका कुरूप प्राण्याची कैफियत मांडणार आहोत. हा प्राणी म्हणजे चंबळ नदीतील घडियाल.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचे घराणे तीन पिढ्या नांदत आहे. चंबळ येथून साठ-पासष्ट किलोमीटरांवर. आग्र्याच्या सडकेने जाताना पुलावरून तिचे निळसर पाणी आणि दोन्ही तीरांवरच्या मातीच्या उंच घळी दिसतात. या घळींत पूर्वी डाकूंचे राज्य होते. लोक नदीकडे जावयास भीत, म्हणून नदी पुष्कळ अंशी स्वच्छ राहिली. 1972 च्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीने अनेक डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षी देशात वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि घडियालास मारणे हा गुन्हा ठरला. मनुष्यास अभय आणि जनावरासही अभय, असा तो योगायोग होता.

घडियाल म्हणजे मगर नव्हे. मगरीचे तोंड रुंद. घडियालाचे लांब, चिमट्यासारखे निमुळते, आणि त्यात शंभराहून अधिक सुईसारखे दात. एवढ्या बारीक तोंडाने मोठे सावज धरता येत नाही. मासळी हेच त्याचे अन्न, मनुष्याच्या वाटेस तो जात नाही. नर मोठा झाला म्हणजे त्याच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा एक गोळा वाढतो. त्या घड्यावरून त्यास घडियाल म्हणतात. पूर्ण वाढलेला नर पंधरा-अठरा फूट लांब भरतो. पाण्यात तो चपळ, परंतु जमिनीवर अगदी दुबळा. मगर चार पायांवर उभी राहून चालते. मोठ्या घडियालास अंग उचलता येत नाही, पोटावर घसरतच त्यास वाळूवर यावे लागते. म्हणून पाण्यास लागून असलेली वाळू हेच त्याचे अंगण. थंडीच्या दिवसांत तो तेथे ऊन खात पडतो, आणि त्याची मादी अंडी घालते तीही त्याच वाळूत.

वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्ख मनुष्याचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. घडियालाच्या बाबतीत मात्र वाळूवाचून घरच नाही. मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलात माद्या रात्रीच्या वेळी तीरावर येतात, हातभर खोल खळगा करतात आणि त्यात तीस-चाळीस अंडी घालून वर वाळू लोटतात. एकाच तटावर अनेक माद्यांची घरटी शेजारी शेजारी असतात. दोन-अडीच महिने वाळूची ऊब अंडी उबवते. मे-जूनमध्ये पिल्ले आतून ओरडू लागली, की आई ती हाक ओळखते आणि वाळू उकरून त्यांस बाहेर काढते. पुढे शेकडो पिल्ले पाण्याच्या कडेला एकत्र राहतात आणि एखादा मोठा नर त्यांची राखण करतो. पिल्ले त्याच्या पाठीवर बसलेली पुष्कळांनी पाहिली आहेत. ज्यास आपण क्रूर म्हणतो, त्याचा हा संसार आहे.

एके काळी सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा आणि महानदी या सर्व नद्यांत, तसेच ब्रह्मदेशातील इरावतीपर्यंत घडियाल होते. कातड्यासाठी त्यांची शिकार झाली, अंडी खाण्यासाठी खणून नेली गेली, नराच्या नाकावरचा घडा औषध म्हणून विकला गेला, आणि मासळीच्या जाळ्यांत अडकून कितीतरी गुदमरून मेले. पाण्यात राहणारा असला तरी घडियाल श्वास हवेतूनच घेतो, हे येथे ध्यानात ठेवावे. 1974 च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा साऱ्या देशात मोकळ्या नद्यांत दोनशेही घडियाल उरले नव्हते.

मग 1975 साली केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने मगर-संरक्षणाची योजना हाती घेतली. ओरिसात महानदीकाठी टिकरपाडा येथे आणि लखनौजवळ कुकरैल येथे घडियालाची अंडी उबवून पिल्ले वाढविण्याची केंद्रे निघाली. चंबळेचा चारशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा प्रवाह 1978-79 मध्ये अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश अशा तीन राज्यांत तो पसरलेला आहे. मुरैन्याजवळ देवरी येथेही असेच केंद्र उभे राहिले. नदीतून सुमारे 200 अंडी दरवर्षी तेथे आणतात आणि पिल्ले चार फुटांची झाली म्हणजे नदीत सोडतात. रानात पिल्लांपैकी बहुतेक पहिल्याच पावसाळ्याच्या पुरात वाहून जातात किंवा पक्ष्यांच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडी पडतात. त्या कोवळ्या वयापुरता हा आधार आहे.

एका हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब देवरीस गेलो होतो. सिमेंटच्या टाक्यांत वयाप्रमाणे पिल्ले वेगवेगळी ठेवलेली होती. वीतभराची एका टाक्यात, हातभराची दुसऱ्यात. काही डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर रचल्यासारखी पडली होती. आमच्या धाकट्या कन्येने तेथील राखणदारास विचारले, "काका, यांना कायमचे येथेच का ठेवत नाही? येथे कोणी मारणार तरी नाही." तो वृद्ध गृहस्थ हसून म्हणाला, "बेटी, टाक्यात ही वाढतील. पण अंडी घालायला यांना नदीची वाळू लागते. ती आम्ही कोठून आणावी?"

प्रश्नाचे मर्म त्या साध्या उत्तरात आहे. पिल्ले वाढवून सोडणे मनुष्याच्या हाती आहे, त्यांस घर देणे नदीच्या हाती. महानदीच्या सातकोसिया दरीत 1970 च्या दशकापासून शेकडो पिल्ले सोडण्यात आली, परंतु त्यांतली टिकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेथील वाळूत घडियालाची पिल्ले पुन्हा जन्मास आली ती 2021 साली, म्हणजे चार दशकांहून अधिक काळाने. चंबळेत मात्र अलीकडच्या गणतींत दोन हजारांहून अधिक घडियाल आढळले आहेत. जगातील सर्वांत मोठी वस्ती ती हीच. पैसा आणि प्रयत्न दोन्हीकडे झाले. चंबळेचे भाग्य एवढेच, की तिची वाळू आणि तिचे वाहते पाणी अजून बरेचसे शिल्लक आहे.

हे भाग्य फार नाजूक आहे. नदीच्या वरच्या अंगास गांधीसागर धरण आणि कोट्याचा बंधारा 1960 साली झाले, पुढे आणखी दोन धरणे झाली. त्यांनी पुष्कळ शेती पिकवली, हे नाकारता येणार नाही. परंतु उन्हाळ्यात पाणी इतके उतरते, की नदीमधली वाळूची बेटे तीरास जोडली जातात आणि कोल्हीकुत्री चालत जाऊन अंडी उकरतात. 2007 च्या डिसेंबरपासून 2008 च्या मार्चपर्यंत चंबळेत शंभराहून अधिक घडियाल मेले. पोटे फाडून पाहिली तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली दिसली. यमुनेच्या दूषित पाण्यातून मासळीवाटे विष आले असावे, असा तज्ज्ञांचा तर्क होता. पण ते विष नेमके कोणते, हे निश्चित झाले नाही.

तिसरे संकट वाळूच्या उपशाचे, आणि ते आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचते. अभयारण्यातून वाळू काढण्यास बंदी आहे. तरीही रात्रीच्या अंधारात ट्रॅक्टर तीरावर उतरतात. ज्या तटावर माद्या अंडी घालणार, तोच तट ट्रॉलीत भरून शहराकडे जातो. त्याच वाळूत पाणचिरा पक्ष्यांची घरटी असतात आणि लाल मुकुटाच्या दुर्मिळ कासवाची अंडीही असतात. सर्वांची एकच गत होते. हा धंदा अडवणे जिवावरचे काम आहे. 2012 च्या मार्चमध्ये मुरैना जिल्ह्यात नरेंद्र कुमार हे तरुण पोलीस अधिकारी चोरीच्या दगडांनी भरलेला ट्रॅक्टर अडवताना त्याच्याखाली चिरडून मृत्यू पावले. 2018 साली त्याच जिल्ह्यात वाळूचा ट्रॅक्टर अडवताना वनखात्याच्या एका अधिकाऱ्याचा असाच अंत झाला.

देवरीहून आल्यानंतर काही महिन्यांनी आमच्या घरावर एक खोली चढविण्याचे ठरले. थोरल्या चिरंजिवांचे लग्न जमले होते, जागा अपुरी होती. मिस्त्रीने हिशेब सांगितला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबूजी, रेती चंबळेची घ्या. दाणा एकसारखा, माती अजिबात नाही, आणि भावही कमी. रात्री दोनला ट्रॉली दारात येईल. पावती मात्र मागू नका."

घरात दोन दिवस हाच विषय होता. आमचे दादा व्यवहारी मनुष्य. ते म्हणाले, "आपण एक ट्रॉली घेतली नाही, म्हणून नदी भरून येणार आहे का? ती शेजारच्या गल्लीत रिकामी होईल." यास आम्हांजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "नदीचे काय होईल ते देव जाणे. पण भिंतीत काय आहे ते आपल्याला ठाऊक राहील. नवी सून त्या खोलीत येणार आहे." दादा काही बोलले नाहीत. आम्ही रॉयल्टीची पावती असलेली सिंध नदीची वाळू थोडी घेतली आणि उरलेले काम दगडाच्या चुऱ्यावर भागवले. खर्च जवळजवळ दीडपट झाला. जमिनीस फरशी घालण्याचे राहिले, साधा कोबा करून लग्न पार पडले. दादा काही दिवस रागावलेले होते. खोलीच्या वास्तूला जेवावयास मात्र आले.

पावती मिळाली म्हणजे नदी वाचली, असेही नव्हे. सिंधही नदीच आहे आणि तिच्यातही जीव राहतात. परंतु पावतीस मोजमाप असते, जागेची मर्यादा असते. रात्रीच्या ट्रॉलीस कोणतीच मर्यादा नसते. शिवाय रात्री घमेली उचलणारा मजूर हा काही आपला शत्रू नव्हे. तो तीरावरच्या गावचा गरीब माणूस आहे. अभयारण्य झाल्यावर त्याची मासेमारी बंद झाली, आणि दुसरे काम त्यास सहज मिळत नाही. काही गावांतील माणसे आता घरट्यांची राखण करतात, कुत्र्यांपासून जपण्यासाठी त्यांवर जाळ्या लावतात, आणि त्याबद्दल त्यांस थोडी मजुरी मिळते. असे काम जितके वाढेल तितका ट्रॅक्टरवाल्यांना मजूर कमी मिळेल. केवळ पहारा वाढवून हा प्रश्न सुटेल, असे आम्हांस वाटत नाही.

आमचे वाचक अनेक ठिकाणी विखुरलेले आहेत, आणि चंबळ पुष्कळांनी पाहिलेली नसेल. परंतु वाळूचे घर सर्वत्र आहे. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील किनाऱ्यांवर समुद्री कासवे अशीच वाळूत अंडी घालून जातात. बेळगाव, इंदूर वा हैदराबादकडील ज्या नदीची वाळू आपल्या गावच्या बांधकामास येते, तिच्या काठीही कोणाचा तरी संसार असतो. घर सर्वांनाच बांधावयाचे असते, मुलांची लग्ने व्हावयाची असतात, आणि वाळूवाचून भिंत उभी राहत नाही. म्हणून वाळू वापरूच नये, असे आम्ही कोणास सांगत नाही. जेवढी हवी तेवढीच घ्यावी, गिलाव्यास आणि भरावास चुरा चालत असेल तर तो वापरावा, आणि ट्रॉली दारात उभी राहिली म्हणजे ही कोणत्या नदीची आणि हिची पावती कोठे आहे, एवढे घरच्या कर्त्या माणसाने विचारावे. विचारण्यास पैसा पडत नाही. दहा घरांनी विचारले, की अकराव्या घराकडे ट्रॉली नेण्यापूर्वी विकणाऱ्यासही थोडा विचार करावा लागेल.