पलंग सोडवताना

घर रिकामं करायचं म्हटलं की आवरायची घाई सगळ्यांना, सोडवायची सवड कुणालाच नाही. चुलतभाऊ म्हणाला, "आजोबांचा पलंग जिन्यातून जायचा नाही. करवतीने कापू आणि देऊ भंगारात." म्हटलं, दादा, एक दुपार दे मला.

जुन्या लाकडी सामानात बरेचदा सरस वापरलेला असतो. जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला हा डिंक ऊब आणि ओल लागली की नरम पडतो. सांध्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं आणि चक्क वाट बघायची. मग लाकडाचा तुकडा मध्ये धरून हलके ठोके. स्क्रू आधी सगळे सैल करायचे, काढायचे नंतर. उशाकडची जड पाटी दुसऱ्या कुणीतरी धरायचीच, नाहीतर ती पायावर येते. आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूने एकच आकडा.

तेवढ्यात पुतण्या जुन्या डबा टीव्हीकडे वळला, हातात स्क्रू-ड्रायव्हर! त्याला आधी थांबवलं. प्लग काढल्यावरही त्या पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात, शिवाय आत निर्वात असल्याने फुटली तर काचा उडतात. टीव्ही तसाच ई-कचऱ्यात गेला. सगळंच उघडायचं नसतं.

असो. पलंगाचा पहिला सांधा सुटला तर आत पेन्सिलीने लिहिलेलं, '१'. पुढच्यात '२'. म्हणजे सुतारानेही आकडे घातले होते की! दादा बराच वेळ बघत बसला. मग करवत त्यानेच ठेवून दिली.

आता आठ तुकडे भिंतीला टेकून उभे आहेत. मंडळी, कुणाकडे साडेसहा फूट जागा आहे का?