पायाखालची फरशी

साडी घ्यायची झाली तर आपण दहा साड्या उलगडून, पदर उजेडात धरून बघतो. पण घरातली फरशी मात्र पुरुषमंडळी दुकानात उभ्या उभ्या ठरवून मोकळी होतात! वास्तविक तिच्यावर दिवसभर वावरायचं, ती पुसायची, घासायची कोणी? आपणच ना?

गुलमंडीतलं आमचं घर जुनं. स्वयंपाकघर, माजघर आणि न्हाणीघरातली शहाबादी फरशी जागोजाग खचली होती. ह्यांच्या मनात सगळीकडे चकचकीत ग्रॅनाइट घालायचं होतं. सासूबाई मात्र अडून बसल्या. गेल्या वर्षी एका नातेवाइकांकडे गुळगुळीत फरशीवर पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता काठी टेकत का होईना, न्हाणीघरात आपल्या पायांनी जातात. "अगं, मला त्या आरशावर चालायला लावू नका. एकदा अंथरुणाला खिळले की संपलं," त्या म्हणाल्या. मग मीच चौकशी सुरू केली.

आपल्या मराठवाड्याचा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचा. वेरूळची लेणी त्यातलीच. तो भक्कम, पण त्याच्या पातळ लाद्या सहज निघत नाहीत. शहाबादीचा दगड चुनखडीचा. तो थरांवर थर साचून झालेला, म्हणून त्याच्या सपाट लाद्या सुटतात. शहाबाद आज कर्नाटकात असलं, तरी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो! राजस्थानचा हिरवट कोटा आणि आंध्रचा काळा कडप्पा, हेही चुनखडीचेच भाऊबंद.

हे भाऊबंद आंबटाला भितात, एवढं लक्षात ठेवा. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. चुनखडीच्या दगडाची चकाकी तेवढ्यापुरती जाते, ग्रॅनाइटला काही होत नाही. चिंच, टोमॅटो, ताक सांडणाऱ्या ओट्यासाठी म्हणूनच ग्रॅनाइट बरं. आमच्याकडेही ओट्याला तेच बसवलं आणि ह्यांची हौस भागली.

दुसरी परीक्षा पायाची. दुकानातून दोन-तीन नमुने घरी आणा, साबणाचं पाणी ओता आणि भिंतीला धरून अनवाणी पाय फिरवून बघा. पॉलिश केलेला कोटा कोरडा असताना छान, ओला झाला की निसरडा. न्हाणीघरासाठी आम्ही बिनपॉलिशची, किंचित खरखरीत शहाबादी घेतली. माजघरात कोटा घातला, पण पॉलिश हलकंच करून घेतलं.

माल घेताना एकाच खेपेचा घ्यावा. दुसऱ्या खेपेत रंग हमखास वेगळा येतो. कापण्यात आणि फुटण्यात जाईल म्हणून शंभर चौरस फुटांमागे आठ-दहा फूट जास्त धरावा.

बसवताना शक्यतो घरी थांबा. न्हाणीघराचा ढाळ मोरीकडे, साधारण पाच फुटांना एक इंच हवा. फरशी पक्की होण्याआधी तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. आमच्याकडे पाणी उलटं दाराकडे धावलं! "वहिनी, एवढं चालतं," मिस्त्री म्हणाले. "मिस्त्री, तुमच्या आईला तिथं चालायचं असतं तर?" मी विचारलं. ते हसले आणि निमूटपणे चार फरश्या उचलून पुन्हा बसवल्या.

माल सुकला की प्रत्येक फरशी नाण्यानं वाजवून बघावी. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही, ती पुढे हलणार किंवा तडकणार. सांधे भरल्यावर आठवडाभर पाणी मारायला विसरू नका. आणि काही झालं तरी फरशी ऍसिडनं धुऊ नका. डागाबरोबर दगडही खाल्ला जातो. साधा साबण आणि कोमट पाणी पुरेसं.

न्हाणीघरात हाताशी येईल अशी एक दांडीही भिंतीत बसवून घेतली. सासूबाई आता पहाटे कुणाला हाक न मारता जाऊन येतात. उरलेल्या पाच फरश्या माळ्यावर जपून ठेवल्या आहेत. तुम्हीही ठेवा, पुढे एखादी फुटली तर त्याच रंगाची मिळणं कठीण.